खिसेमावशीचे लाकडी फोन

माझ्या मावशीच्या मते फोनबद्दल खरं सांगणारी वस्तू जगात एकच आहे, ती म्हणजे खिसा. कंपनी काहीही सांगो, वर्तमानपत्र काहीही छापो, फोन मोठा झाला की खिसा उसवतो, जड झाला की लोंबतो आणि गुळगुळीत झाला की माणूस खुर्चीत टेकायच्या आत फोन खुर्चीखाली पोचतो. हे सगळं उसवलेलं आणि लोंबलेलं शेवटी तिच्याच मशीनवर येतं, त्यामुळे नव्या फोनबद्दल बोलायचा पहिला हक्क आपला, असं ती मानते. दुसरा हक्क कुणाचा असेल असं तिला वाटत नाही.

एके काळी ती सगळंच शिवायची. आता तयार कपड्यांच्या दिवसांत लोक तिच्याकडे खिशांसाठीच येतात. कुणाला खोल करून हवा, कुणाला आतून चोरखिसा हवा, कुणाला चेन लावून हवी. बायका जास्त येतात, कारण त्यांच्या कपड्यांना खिसा देताना कंपन्यांचा हात आखडतो. एवढा घेर आहे आणि खिसा नाही, मग कापड काय नुसतं वाऱ्यासाठी घेतलं, असं ती समोरच्या बाईला दरडावून विचारते, जणू तो झगा त्या बाईनेच बेतला होता. गल्लीत तिला सगळे खिसेमावशी म्हणतात. माझी ती सख्खी मावशी, आईची धाकटी बहीण, पण बाहेर तिची ओळख करून देताना मीही हेच नाव सांगतो.

माझं दुकान तिच्या दुकानाला लागून, भिंतीला भिंत. मी फोनची कव्हरं आणि काचा विकतो. दुकान उघडलं त्या दिवशी ती आली, फळ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाली, "म्हणजे कंपनीने वर्षभर डोकं खाजवून फोन पातळ करायचा आणि तू तो एका मिनिटात जाड करून द्यायचा." हा विनोद तिला स्वतःलाच इतका आवडला की तेव्हापासून तो तिने गल्लीत एकालाही सोडलेला नाही. माझं लग्न ठरत होतं तेव्हा सासऱ्यांना पहिल्याच भेटीत ऐकवला. मला राग येतो, मी तो दाखवतो, आणि त्याने तिला आणखी चेव चढतो.

नवा फोन बाजारात आणण्याचा कार्यक्रम असला की तिचं मशीन थांबतं. स्वतःचा मोबाईल ती सुताच्या रिळांना टेकवून उभा करते आणि चष्मा नाकावर ओढून बसते. कंपनीचा साहेब रंगमंचावर येतो, फोन वर धरतो, लोक टाळ्या वाजवतात. मावशी फोनकडे बघतच नाही, ती साहेबाच्या पँटकडे बघते. "फोन खिशातून काढला का याने? नाही. कुणीतरी टेबलावर आणून ठेवलाय. म्हणजे याच्या खिशात तो मावत नाही, आणि हा लोकांना विकायला निघालाय."

घडीचा फोन आला तेव्हा तिने बातमी वाचून एवढंच म्हटलं की घड्या आम्ही जन्मभर घालतोय, कापड आधी घडीवरच विरतं. काही महिन्यांनी एक गिऱ्हाईक नेमकं घडीवर चीर गेलेला फोन घेऊन माझ्या दुकानात आलं, आणि पुढचा आठवडाभर मावशीशी बोलणं अवघड झालं. कानात घालायच्या बिनवायरच्या बोंड्यांबद्दल तिचं म्हणणं असं की बटण आपण चार भोकांतून ओवून पक्कं करतो तरी ते हरवतं, इथे तर शिवलेलंच काही नाही. घड्याळ माणसाला उठून चालायला सांगतं हे ऐकल्यावर ती म्हणाली, त्यासाठी माझ्या घरात सासूबाई होत्या आणि त्यांना चार्ज करावं लागत नव्हतं. दूध संपल्याचं सांगणारा फ्रिज आल्याची बातमी तिने दोनदा वाचली. "सांगतो, पण आणून देत नाही ना? मग तुझे काका काय वेगळं करायचे." काकांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांची आठवण काढायची तिची हीच पद्धत आहे.

सगळ्यात जास्त ती चिडते अपडेटवर. गिऱ्हाइकाच्या अंगात सदरा असताना मी कधी त्याची बाही बदलायला गेले का, असं ती विचारते. आणि तो बोलणारा कॉम्प्युटर, काहीही विचारा, उत्तर देणारा, त्याची तिने एकदा परीक्षाच घेतली. तिरका खिसा कसा बेतायचा ते विचारलं. त्याने ऐटीत सांगितलं आणि चुकीचं सांगितलं. तिने चूक दाखवली, त्याने लगेच माफी मागितली आणि दुसरं चुकीचं सांगितलं. पुन्हा चूक, पुन्हा माफी. मावशीने मोबाईल पालथा ठेवला. चुकल्यावर इतक्या चटकन माफी मागणाऱ्याच्या हातात आपण कात्री देत नाही, हा तिचा निकाल.

तिचे सगळेच अंदाज खरे ठरतात असं मात्र नाही. बटणं नसलेले फोन आले तेव्हा, दिवसभर बोटाने काच पुसत बसायला लोक वेडे आहेत का, हे तिनेच म्हटलं होतं. आता आठवण करून दिली तर असं मी कधी म्हटलंच नाही म्हणते, आणि इतक्या ठामपणे म्हणते की मलाच माझी शंका येते.

या सगळ्या मतांमागे तिची एक कामाची पद्धत आहे. नव्या फोनची बातमी आली की ती त्याची लांबी, रुंदी, जाडी आणि वजन उतरवून घेते आणि समोरच्या सुतारकाकांकडे जाते. सुतारकाका त्या मापाचा लाकडी फोन बनवतात, कोपरे फोनसारखे गोल करतात आणि आत खिळे ठोकून वजनही जुळवतात. मग तो लाकडी फोन खिशात घालून मावशी वाकते, उकिडवी बसते, गल्लीच्या टोकापर्यंत धावून येते. पडला तर खिसा उसवायचा, नाही पडला तर खिसा पास. असे कितीतरी लाकडी फोन तिच्या दुकानातल्या फळीवर ओळीने मांडलेले असायचे. माझा एकही फोन गरम होत नाही, अडकत नाही आणि मला विचारल्याशिवाय बदलत नाही, असं ती गिऱ्हाइकांना दाखवायची. हात मात्र कुणाला लावू द्यायची नाही. माझ्या लेकीने एकदा एक उचलला तर तिला रडेपर्यंत बोलली, आणि मग रडली म्हणून तिच्या फ्रॉकला फुकट खिसा लावून दिला.

आता वहिनीबद्दल. वहिनी म्हणजे मावशीची सून, इस्पितळात मुलांच्या वॉर्डात सिस्टर आहे. माझा मावसभाऊ बाहेरगावी नोकरीला, त्यामुळे घरात सासू-सून दोघीच. वहिनी कमी बोलते. मावशीच्या घरात दुसऱ्या कुणी जास्त बोलायला जागाही नाही म्हणा. इस्पितळाने प्रत्येक सिस्टरला एकेक फोन दिला होता, ताप किती, औषध कधी दिलं, हे सगळं त्यात नोंदवायचं. वहिनीच्या फोनची काच फुटली. दुसरा दिला, तोही फुटला. बाकी कुणाचा फुटला नव्हता. मेट्रनबाईंनी तिला बोलावून शांतपणे सांगितलं की तिसरा फुटला तर तिला वॉर्डातून काढून नोंदणीच्या खिडकीवर बसवावं लागेल.

वहिनीने हे घरी येऊन धुतलेले कपडे आवरता आवरता सांगितलं. काम तिथेही चांगलं आहे, म्हणाली, पण तिथे पोरं नसतात. एवढं बोलून ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. हे मला मावशीने सांगितलं. हिला पोरांमधून उठवलं तर ही सुकून जाईल, म्हणाली. मावशी असं बोलत नाही कधी.

दुसऱ्या दिवशी ती इस्पितळात गेली आणि मेट्रनबाईंना म्हणाली, फोन माझ्या सुनेच्या हातून पडत नाही, तुमच्या एप्रनच्या खिशातून पडतो. खिसा बशीएवढा उथळ, त्यात फोन राहील कसा? मेट्रनबाईंनी स्वतःच्या खिशाकडे पाहिलं, तोही एका बाजूने उसवलेला होता. पुढच्या महिन्यात वॉर्डात नवे फोन येणारच होते. तोवर सगळ्या एप्रनना नवे खिसे लावून द्यायचं ठरलं. "माझ्या खिशातून फोन पडला तर मी कात्री खाली ठेवीन," असं मावशी तिथे सांगून आली आणि घरी येईपर्यंत वाटेत भेटलेल्या सगळ्यांनाही सांगत आली.

नव्या फोनचं नाव वहिनीने आणलं, माप बातमीत मिळालं, सुतारकाकांनी लाकूड तासलं. मावशीने खिसे अगदी अंगासरशी शिवले, वरून झाकण, झाकणाला काज-बटण. मी कौतुक करायला गेलो तर म्हणाली, हे कापडाचं काम आहे, रबराच्या धंद्यातल्यांना कळायचं नाही.

मला ते झोंबलं, आणि झोंबायला कारणही होतं. त्याच आठवड्यात इस्पितळाच्या भांडारातून माझ्याकडे कव्हरांची ऑर्डर आली होती. निळं जाड रबर, कोपरे फुगवलेले, कितीही आपटा. मोठं इस्पितळ आपण होऊन माझ्या दुकानात आलं, हे तिला ऐनवेळी चहा पिताना सांगायचं आणि तिचं तोंड बघायचं, म्हणून मी ते मनातच ठेवलं होतं. तीही खिशाचं माप मला दाखवत नव्हती. भिंतीला भिंत लागून आम्ही दोघं एकाच फोनचं काम करत होतो, एक आतून आणि एक बाहेरून, आणि दोघंही गप्प.

नवे फोन आणि नवे एप्रन एकाच सकाळी वॉर्डात गेले. थोड्या वेळाने वहिनीचा मला फोन आला. "भावजी, आईंना घेऊन या. आणि मशीन पण." मागे कितीतरी फोन एकदम वाजत होते.

आम्ही पोचलो तेव्हा वॉर्डाच्या दारात हसावं की रडावं असं चित्र होतं. कव्हर घातलेला फोन जोर लावून खिशात गेला होता आणि आता काही केल्या बाहेर येत नव्हता. एक सिस्टर स्वतःच्या पोटाशी वाकून खिशाला हॅलो म्हणत होती. दुसरीच्या खिशाला दोघी ओढत होत्या. एक डॉक्टर अगदी गंभीर चेहऱ्याने तिसरीच्या एप्रनला औषधाचं प्रमाण सांगत होते. मावशीने जवळच्या एका खिशाला बोट लावून पाहिलं, झाकणाखालून निळं रबर डोकावत होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं घड्याळ बघत होतो.

"तुझं?"

"माझं," मी म्हणालो.

आता माझी खैर नाही असं मला वाटलं. पण ती मेट्रनबाईंकडे वळली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "चूक माझी आहे. लोक फोनला कव्हर घालतात म्हणून मी गल्लीभर हसत फिरते, आणि बेतताना मीच कव्हर विसरले. माफी नंतर मागते, आधी उसवते."

मेट्रनबाई वाईट नव्हत्या, पण त्यांनाही वर उत्तर द्यायचं होतं. कव्हर काढायची परवानगी नाही, संध्याकाळपर्यंत खिसे नीट झाले नाहीत तर जुने एप्रन परत येतील, म्हणाल्या. वहिनीचं नाव घेतलं नाही, नुसतं तिच्याकडे पाहिलं. ते पुरेसं होतं.

मावशीने हाताने चालवायचं मशीन वॉर्डाच्या दाराशीच बाकावर मांडलं. नशीब म्हणजे शिवणीच्या आत तिने माया म्हणून जास्तीचं कापड सोडलं होतं, तेवढ्यात खिसा रुंद होणार होता. मी टाके उसवून देत होतो, ती शिवत होती. पहिला एप्रन वहिनीचा. या वेळी माप बातमीवरून नाही, कव्हरासकट खऱ्या फोनवरून घेतलं. वहिनीने एप्रन घातला, वाकून दाखवलं, फोन जागचा हलला नाही आणि हात घातल्यावर सहज बाहेर आला. मावशीची मान ताठ झाली. ती पुढच्या एप्रनला लागली, पण डोळे उघड्या दारातून सुनेच्या खिशावरच.

म्हणून तिला ते दिसलं. खिडकीजवळच्या पलंगावर हाताला बँडेज बांधलेली एक लहान मुलगी होती आणि तिला सुई द्यायची वेळ झाली होती. ट्रे बघताच ती रडायला लागली. वहिनी पलंगाच्या कडेवर बसली, खिशाचं बटण तिने स्वतःच काढलं आणि फोन मुलीच्या हातात दिला. मुलीने तो कानाला लावला आणि हुंदके देत कुणाशी तरी बोलायला लागली. बोलता बोलता सुई टोचली गेली. मुलीचा हात झटकन उडाला, फोनही उडाला, आणि वहिनीने तो मांडीवर झेलला. सवयीचं असल्यासारखा झेलला.

मशीन थांबलं. मावशीने सुनेला बाहेर बोलावलं.

"आधीचे दोन्ही असेच फुटले?"

वहिनीने मान हलवली. "टोचताना त्यांच्या हातात काहीतरी लागतं, आई. खेळणी दिली तर नको म्हणतात. फोन दिला की घरी बोलतात. फोन लागलेला नसतो, तरी बोलतात."

"मग हे मेट्रनबाईंना का नाही सांगितलंस?"

"पोराचं नाव कागदावर गेलं असतं. त्याची आई त्यालाच रागावली असती. आणि फोन पोरांपासून लांब ठेवा असा नियम आला असता."

मावशीने हातातल्या खिशाकडे पाहिलं. इतक्या ऐटीत शिवलेला खिसा, आणि सून तो स्वतःच उघडून फोन काढून देणार. मला वाटलं आता ती चिडणार. तिने त्या मुलीकडे पाहिलं, आणि मावशीचे डोळे भरून आलेले मला स्पष्ट दिसले. मग नाक ओढून मला म्हणाली, "दुकानात जा. फळीवरचे घेऊन ये."

कुठले, मी विचारलं.

"सगळे."

मी पिशवी भरून लाकडी फोन आणले तोवर तिने वहिनीच्या एप्रनला बाहेरून दुसरा खिसा लावला होता. या खिशाला ना झाकण, ना बटण, आणि इतका खाली की पलंगावर पडल्या पडल्या पोराचा हात त्यात जावा. त्यात तिने एक लाकडी फोन ठेवला. खिळ्यांमुळे खिसा खऱ्या फोनसारखाच ओढला गेला.

त्याच मुलीला संध्याकाळी दुसरी सुई होती. वहिनी कडेवर बसली, मुलीने खिशात हात घातला, लाकडी फोन काढून उलटसुलट करून पाहिला. हा कसला, अशा नजरेने तिने वहिनीकडे पाहिलं. मग तो हातावर जोखला आणि कानाला लावला. "आई, मी बोलतेय. मी कमी रडले. तू लवकर ये." सुई टोचली, हात उडाला, आणि लाकडी फोन फरशीवर असा काही आपटला की मेट्रनबाई पलीकडच्या खोलीतून धावत आल्या. चेहरा पांढरा पडला होता. फरशीवरचं लाकूड उचलून त्यांनी ते उलटं करून पाहिलं, खिळ्यांची डोकी पाहिली, आणि वहिनीला विचारलं की हे काय आहे.

तेव्हा वहिनीने सगळं सांगितलं. दोन्ही फोनचं सांगितलं, फक्त पोरांची नावं सांगितली नाहीत. मेट्रनबाईंनी विचारलीही नाहीत. त्यांनी लाकडी फोन मुलीच्या हातात परत दिला आणि मावशीला म्हणाल्या, असे आणखी असतील तर सुईच्या प्रत्येक ट्रेवर एकेक ठेवू या. मावशीने पिशवीच पुढे केली. नोंदणीच्या खिडकीचा विषय नंतर कुणी काढला नाही, आणि वहिनी आजही त्याच वॉर्डात आहे.

मावशीची फळी रिकामी झाली. सुतारकाकांना काम मिळालं, पण ते पुढचं. मला सांगायचंय ते फळी रिकामी झाल्यावर काही दिवसांनी झालेलं. मी दुकानात बसलो होतो आणि मावशी आली. बडबडायला ती रोजच येते, पण त्या दिवशी ती काउंटरच्या समोरून आली, गिऱ्हाईक येतं तशी, आणि तीन-चार लाकडी फोन काचेवर मांडून उभी राहिली. कोपऱ्यांवर पोरांनी चावल्याचे ठसे दिसत होते. पोरं फेकतात, म्हणाली, शेजारच्या पलंगावरच्या पोराला लागायचं, शिवाय लाकडाचं कुसळ हातात जाईल. याला वरून काहीतरी मऊ घालता येतं का?

एवढी वर्षं मी याच क्षणाची वाट बघत होतो. मी खुर्चीत मागे रेललो आणि म्हणालो, "मावशी, म्हणजे सुतारकाकांनी डोकं खाजवून फोन पातळ करायचा आणि मी तो..."

"कव्हर वाईट असतं असं मी कधी म्हटलं?" ती म्हणाली. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

मी मापाची टेप घेतली. मागे उरलेली निळी कव्हरं होती, त्यांतलं एक पुढे केलं तर तिने ते हाताने बाजूला सारलं.

"निळं नको. ते इस्पितळाचं आहे. पोरांच्या घरी त्यांच्या आईच्या हातात असतं ना, तसलं दे."